दहा वेळा तीच तार

गाणं ऐकायचं तर आधी कूलर बंद करायचा, हा प्रतापनगरच्या त्या घरातला नियम होता. भर मे महिन्यातसुद्धा. कूलरचा वाळा ओला असेपर्यंत खोली कशीबशी तग धरायची, मग घामाच्या धारा लागायच्या. पण कृष्णकांत ऐकायचे नाहीत. "या घरघरीत कसली सतार ऐकता?" म्हणायचे आणि उठून बटण बंद करायचे.

टेलिफोन खात्यात त्यांनी एकतीस वर्षं तारा जोडल्या. निवृत्त झाल्यावर रेकॉर्ड प्लेअरसाठी घरीच अ‍ॅम्प्लिफायर बांधला, सागवानी खोक्यात स्पीकर बसवला. दोघांना जोडायला बाजारची तार मात्र त्यांना चालेना. जुन्या केबलमधले तांब्याचे बारीक धागे काढून त्यांनी त्यांची वेणी घातली, वर सुती दोरा गुंडाळला. या तारेनं आवाज बदलतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची मुलगी गोपिका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिनं दोन्ही तारा प्रयोगशाळेत नेऊन मोजल्या. फरक नाहीच म्हणावा इतका.

"कान म्हणजे मीटर नव्हे, बाबा."

"आणि मीटर म्हणजे कान नव्हे," ते म्हणाले.

म्हणून परीक्षा ठरली, त्यांच्याच पद्धतीची. ऐकणाऱ्यानं खिडकीकडे तोंड करून बसायचं. दुसऱ्यानं मागे नाणं उडवायचं आणि छापा-काटा पाहून तार लावायची. ऐकणाऱ्यानं चिठ्ठीवर बाजारच्या तारेला एक, वेणीच्या तारेला दोन लिहायचं. असं दहा वेळा.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी गोपिकेनं नाणं उडवलंच नाही. दहाही वेळा बाजारचीच तार ठेवली, नुसते स्क्रू ढिले करून पुन्हा आवळले. बाबा वळायच्या आतच तिला हसू फुटलं. "दहाही वेळा तीच तार होती! आता सांगा, काय काय फरक ऐकलात?"

कृष्णकांतांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. "बरं," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर लावला नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात धंतोलीतल्या एका दवाखान्यात ते वारले. नर्सनं त्यांच्या वस्तूंची पिशवी हातात दिली. चष्म्याच्या डबीत ती चिठ्ठी होती. गोपिकेनं ती पहिल्यांदाच उघडली. एकाखाली एक दहा आकडे, नेटक्या अक्षरात.

दहाही वेळा एक.

नुसत्या अंदाजानं हे जुळायची शक्यता हजारात एक. हे गणित तिनं दवाखान्याच्या जिन्यातच केलं. ते त्या दिवशी चिठ्ठी दाखवून तिला गप्प करू शकले असते. का नाही केलं, हे मात्र तिला कुठल्याच गणितानं सुटेना.

तेरावं झाल्यावर तिनं तीच परीक्षा घ्यायला ओमप्रकाशकाकांना बोलावलं. महाल भागात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि बाबांशी तीस वर्षांची दोस्ती. दुपारच्या उन्हातून ते डोक्याला दुपट्टा बांधून आले.

"काहून वं गोपू, आता कोनाले सिद्ध करून दाखवतं?"

"कोणाला नाही, काका. बाबांना काय ऐकू यायचं ते मला एकदा ऐकायचंय."

काकांनी वेणीची तार हातात घेतली. "तारेची वेणी घालाले टाइम होता त्याले. सोताच्या केसाईत कंगवा फिरवाले नव्हता." ते हसले आणि मधेच थांबून दुपट्ट्यानं डोळे पुसू लागले.

गोपिकेनं कूलर बंद केला. खिडकीकडे तोंड करून बसली. मागे नाणं वाजलं, सतारीची तबकडी सुरू झाली.

पहिल्या पाच खेपांत तिला काहीच कळलं नाही. आकडे तिनं उगाचच लिहिले. कपाळावरचा घाम कागदावर टपकला.

सहाव्या खेपेला सतार तीच होती. पण सतारीच्या मागे खोली होती, आणि खोलीत कुणीतरी बसलेलं होतं. नाकातून येणारा जड श्वास. मग घशातल्या घशात, सुरांना धक्का न लावता केलेलं खाकरणं. असं एकच माणूस खाकरायचं.

तिनं डोळे मिटून घेतले. हलली नाही. तबकडीची बाजू संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग वळली.

ओमप्रकाशकाका अ‍ॅम्प्लिफायरपाशी उभे होते. दोन्ही तारा त्यांच्या हातात होत्या.

"तू काय ऐकून राहिली होती वं?" ते हळूच म्हणाले.

"सतार."

"स्क्रू हातातून सुटून राहिले होते, बेटा. या खेपेले तार लावलीच नाही मी. मले त तबकडीवरच्या सुईची किनकिन तेवढी ऐकू आली. तुले सांगणार होतो. पन तुहा चेहरा पाह्यला अन् तोंडच उघडलं नाही."

मग काकांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, भिंतीतला प्लगही काढला. "चाल, माह्या घरी चाल. एकटी नको राहू इथं."

"येते मागून," ती म्हणाली. ते गेले.

ती स्पीकरसमोर जमिनीवर बसली. फरशी गरम होती. खोक्याच्या मागचे दोन्ही स्क्रू मोकळे होते. तिनं बोटांनी चाचपून पाहिले.

"बाबा," ती म्हणाली, "मी नाणं उडवलंच नव्हतं. आणि तुमची चिठ्ठी न वाचताच हसले."

तिनं खोक्यावर हात ठेवला.

"तुम्ही बोलला का नाहीत तेव्हा?"

रस्त्यावरून एक सायकल गेली. मग काहीच नाही.

स्पीकरवर ताणून बसवलेलं करडं कापड मधोमध सावकाश आत ओढलं गेलं, बोलण्याआधी माणूस श्वास घेतो तसं.

ती वाट पाहत राहिली. ऊन भिंतीवरून सरकत छताला गेलं, मग विझलं.

कापड आतच होतं.