हट्टी म्हातारीचा खिसा

ऑकलंडवाले आमचा डबा शोधायला शनिवारी येणार, तेही हेलिकॉप्टरनं, हे कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

डबा आमच्या आर्डल खोऱ्यातला. नाव त्याचं ‘हट्टी म्हातारी’. खोऱ्याच्या वरच्या टोकाला, बर्फाच्या जरा खाली, आयला मॅक्रेबाईनं तो नऊ वर्षांपूर्वी लपवला आणि जागेचे आकडे जगजाहीर करून टाकले. ज्याच्याजवळ जीपीएस असेल त्यानं यावं, शोधावं, आतल्या वहीत सही करावी आणि होता तसा ठेवून जावं. जिओकॅशिंग म्हणजे एवढंच. पण नऊ वर्षांत हा डबा एकाही माईच्या लालाला सापडला नव्हता! वहीची पहिली ओळ अजून कोरी होती. तिच्यावर सही करणाऱ्याला बक्षीस नाही, बिदागी नाही. फक्त मान. आणि त्या मानासाठी माणसं कड्यावरून लोंबकळतात.

ती ओळ फर्गस टुलॉकची व्हायला हवी होती. फर्गस आमच्या गावात शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त झालाय. चारदा वर गेला, चारदा हात हलवत परत आला, आणि चारही वेळा त्यानं संकेतस्थळावर सगळ्यांदेखत लिहिलं, ‘सापडला नाही.’ लोक हसले, तरी लिहिलं. आमच्यात तसंच लिहायचं असतं, पण प्रत्यक्षात लिहितात किती जण ते मला विचारा! आता जानेवारीत त्याचा गुडघा बदलायचा होता. त्यानंतर डोंगर बंद, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं. म्हणजे ही शेवटचीच संधी.

“मेरेआना, येतेस का?” त्यानं फाटकातूनच विचारलं.

“लंगडतोयस की तू!”

“म्हणून तर विचारतोय. एकटा गेलो तर वर्षभर तुझी बोलणी खावी लागतील.”

मी जन्मभर मेंढ्यांमागे डोंगर तुडवलेत. मी कसली नाही म्हणते! माझी भाची हुइआ ‘ते अनाऊ’ गावातल्या दवाखान्यात नर्स आहे आणि सुट्टी मिळाली की दोर घेऊन कड्यांवर चढते. तिलाही ओढलं. बुधवारी सकाळी आम्ही तिघं निघालो.

पहिला दिवस बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून गेला. मऊ शेवाळ, पायाखाली मुळ्या, आणि थांबलं की तुटून पडणाऱ्या चावऱ्या माश्या. नदी घोट्याएवढी, गुमान वाहणारी. वाटेत हरणांचा एक शिकारी भेटला. खेळाबाहेरच्या माणसाजवळ डब्याचा विषय काढायचा नाही, हा आमचा पक्का नियम. त्यामुळे तो दिसताच फर्गस एका दगडावर वाकला.

“काय बघताय?” शिकाऱ्यानं विचारलं.

“शेवाळ,” फर्गस म्हणाला.

“तिघं मिळून?”

“मोठं आहे ना.”

तो माणूस वळून वळून आमच्याकडे बघत गेला. हुइआनं तोंडात रुमाल कोंबला होता. त्याच दिवशी तिचा फोन ओढ्यात पडून मेला. आम्हा दोघांचे फोन घरीच होते, पण आम्ही म्हटलं, असू दे, जीपीएसचं यंत्र आहे की.

गुरुवारी दुपारी आम्ही आकड्यांच्या जागी पोचलो. तीन बाजूंनी काळे कडे आणि मध्ये घराएवढ्या धोंड्यांचा पसारा! तिथं आकाशच चिंचोळं. उपग्रहाचे संकेत कड्यांवर आपटून येतात आणि यंत्रावरचे आकडे नाचत राहतात. दहा पावलं डावीकडे म्हणावं तर लगेच वीस पावलं उजवीकडे! अशा वेळी एक युक्ती करतात. यंत्र एका दगडावर ठेवायचं आणि थोडा वेळ हात लावायचा नाही. आकडे हळूहळू स्थिरावतात.

मी ठेवलं. ठेवलं आणि पाणी प्यायला वळले. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा किआ या चोर पोपटांच्या मुलखात उघड्यावर काही ठेवत नाही. पण आकड्यांच्या नादात माझी अक्कल गहाण पडली होती!

“मावशी! पोपट!”

हिरवागार किआ दगडावर उतरला होता. त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, यंत्राची दोरी चोचीत धरली आणि टुणटुण उड्या मारत निघाला. मी ओरडले. हुइआ धावली. फर्गसनं टोपी फेकून मारली. मेल्यानं कड्याच्या टोकाशी जाऊन यंत्र दोनदा आपटलं आणि दिलं खाली सोडून! खालून एक बारीकसा खळ्ळकन् आवाज आला.

मी कपाळावर हात मारून घेतला. फर्गसनं टोपी उचलून झटकली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“चहा टाक,” तो म्हणाला. “चहाला आकडे लागत नाहीत.”

चहा झाला, चीज रोल निघाले. फर्गस गुडघा चोळत मागे रेलला आणि घास तोंडात तसाच ठेवून थांबला.

“मेरे, आयलानं खूण काय दिलीय?”

“म्हातारीचा खिसा चाचपा.”

“मग ती बघ म्हातारी.”

मी वर पाहिलं. समोरच्या कड्यातून एक सुळका पुढे आला होता. वाकलेली पाठ, पुढे आलेली हनुवटी, आणि कमरेशी एक काळी आडवी फट! हुबेहूब खिशावर हात ठेवून उभी राहिलेली म्हातारी! नऊ वर्षं येईल तो माणूस हातातल्या पडद्याकडे बघत धोंड्यांमध्ये गोल गोल फिरत होता. वर मान करून कुणी पाहिलंच नव्हतं. त्या चोरट्या किआचे आभार मानावेत की त्याची मान मुरगळावी, तेच मला कळेना.

हुइआ आधी चढली आणि तिनं दोर पक्का केला. मग फर्गस.

“काका, डाव्या पायावर भार देऊ नका!”

“उजवा कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?”

मी खालून पाहत होते. एक पकड. दुसरी. वारा सुटला. वायव्येकडून काळे ढग खिंडीत घुसत होते. तेवढ्यात गुडघा दगा देऊन गेला! पाय निसटला! फर्गस दोरावर लटकला आणि त्याचा खांदा कड्यावर आदळला. “धरलंय!” हुइआ ओरडली. तो लोंबकळला, फिरला आणि पुन्हा दगडाला चिकटला. शेवटी त्याचे दोन्ही हात कंगोऱ्यावर टेकले आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मीही चढले.

फर्गस पालथा पडून फटीत विजेरी मारत होता. अचानक त्याचा आवाज फुटला.

“आहे! मेरे, आहे! हिरवा डबा! कोपरा दिसतोय!”

मी त्याच्या पाठीवर असा दणका दिला की तो कण्हला. हुइआ जागच्या जागी नाचायला लागली. फर्गसनं बाही वर सारली. दातात टोपण धरून पेन उघडलं, खिशाला अडकवलं आणि हात आत घातला.

तोच त्याच्या कोपराजवळून काहीतरी भुर्रकन निघालं आणि समोरच्या दगडावर बसून वरखाली उठाबशा काढायला लागलं. मुठीत मावेल एवढा पक्षी. शेपटी जवळजवळ नाहीच, पाय मात्र लांब. चोचीत अळी.

“तुके,” फर्गस पुटपुटला.

तुके म्हणजे अशा उंचीवर बर्फातसुद्धा तग धरणारा इवलासा जीव. आता डोंगरात फार थोडे उरलेत. फर्गसनं पुन्हा विजेरी मारली, या वेळी हळूच. फटीच्या तोंडापासून डब्यापर्यंत गवत आणि पिसं ठासून भरली होती. त्या पिसांमधून बारीक चिवचिव येत होती. डबा होता त्याच्या बरोब्बर मागे. घरटं मोडल्याशिवाय बाहेर येणार नव्हता.

फर्गसचा हात कितीतरी वेळ आत तसाच राहिला. दोन वीत अंतर असेल. मग त्यानं तो अलगद बाहेर काढला आणि पेनाला टोपण लावलं.

मला राहवेना. “दिसला ना डबा? आम्ही दोघी साक्षीला आहोत. दिसला म्हणजे सापडला. लिहून टाक तसं!”

“सही कुठंय?”

“फर्गस, तू पुन्हा वर येणार नाहीस.”

“माहीत आहे मला!” तो एकदम ओरडला, आणि लगेच पक्ष्याकडे बघून आवाज खाली आणला. “सही नाही तर शोध नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना हेच ऐकवत आलोय. आता गुडघा दुखतो म्हणून नियम बदलू का?”

त्याचे डोळे भरले होते. माझेही. त्याला काय सोडावं लागतंय, ते माझ्याइतकं कुणाला माहीत! पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पहिल्या ओळीवर त्याचं नाव बघूनही वाटला नसता.

“आणि शनिवारचं काय?” हुइआनं विचारलं.

ऑकलंडवाले लांब दांडीला आरसा बांधून प्रत्येक फटीत खुपसतात. तसा खेळ चालतोच, त्यात गैर काही नाही. पण इथं दांडी आत गेली की पिल्लं संपली. त्याआधी आयलाला गाठून डब्याचा शोध संकेतस्थळावर बंद करायला हवा होता, आणि तिचं घर नदीपलीकडे!

पाऊस रात्रभर कोसळला. शुक्रवारी सकाळी नदीकाठी आलो तर परवाची ती गरीब नदी कुठं गेली कुणास ठाऊक! मांडीएवढं गढूळ पाणी, आणि तळाशी गडगडणाऱ्या दगडांचा आवाज. अजून तासभर थांबलो असतो तर दोन दिवस अडकलो असतो.

पाठपिशव्यांचे कमरेचे पट्टे सोडले. एकमेकांच्या पाठीमागून हात घालून पिशव्यांचे पट्टे घट्ट धरले. प्रवाहाच्या वरच्या अंगाला हुइआ, मध्ये फर्गस, खालच्या अंगाला मी.

“एकदम! सोडायचं नाही!”

पाणी मांडीला लागलं. मग कमरेला. थंडीनं श्वास अडकला. एक पाऊल. अजून एक. फर्गसचा गुडघा दुमडला! तो खाली गेला! अख्खा भार माझ्या हातावर आला आणि आम्ही तिघंही वाहू लागलो.

“सोड मला!” तो गुरगुरला.

“गप बस आणि चाल!” मी किंचाळले.

हुइआचे पाय कुठंतरी वाळूला लागले. तिनं हिसका दिला. मी लोटलं. आम्ही काठावरच्या गाळात उपडे पडलो आणि पाणी ओकत राहिलो. मग फर्गसला हसू फुटलं, आणि त्याच्यामागे आम्हा दोघींनाही.

चिखलानं माखलेली आमची वरात आयलाच्या स्वयंपाकघरात शिरली. तिनं सगळं ऐकून घेतलं, संगणक उघडला आणि डबा एप्रिलपर्यंत बंद केला. मग फर्गसनं त्याची नोंद लिहिली. ‘सापडला नाही. पाचवी वेळ.’ पुढे काही नाही. घरट्याविषयी लिहावं तर जागा उघड होणार, आणि दुसऱ्याचा शोध नासवणं आमच्यात पाप समजतात.

तासाभरात ऑकलंडच्या गटाचा म्होरक्या डेझमंड यानं खाली लिहिलं, ‘पाच वेळा! आणि आम्ही निघालो तेव्हाच नेमका डबा बंद! वा रे खोरेवाले!’

मी उत्तराला बाह्या सरसावल्या. फर्गसनं माझ्या हातातून आयलाचा फोनच काढून घेतला.

“बोलू दे. पिल्लांना ऐकू जात नाही.”

आयलानं मात्र डेझमंडला एकट्याला फोन करून खरं कारण सांगितलं. शनिवारी हेलिकॉप्टर उडालं नाही. रविवारी फर्गसचा फोन वाजला, त्यानं तो स्पीकरवर टाकला. समोर डेझमंड, आवाज पार उतरलेला.

“फर्गस, माझी चूक झाली. एप्रिलमध्ये घरटं रिकामं झालं की आम्ही पायी वर जाऊ. पण पहिली ओळ कोरी ठेवू. ती तुमची.”



“कोरी ठेवलीस तर ऑकलंडला येऊन कान उपटीन तुझे!” फर्गस गरजला. “ज्याचा हात डब्याला लागेल, सही त्याची. पहिल्या ओळीवर, मोठ्या अक्षरात! भीक नको मला.”

मग डेझमंड हळूच म्हणाला, “बरं. मग निदान डबा कुठे आहे तेवढं तरी सांगा. तुम्ही तर पाहिलाय!”

“सांगू?” फर्गसनं दुखरा पाय खुर्चीवर टाकला. त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं होतं, जणू अख्खं खोरं त्याच्याच नावावर आहे. “पाचदा गेलोय मी, डेझमंड. तू निदान एकदा तरी हात हलवत परत ये, मग बोलू!”