पत्र्यावरचे गडद डाग

"ताई, पत्रा वाईट न्हाई, पर गाव मला वाईट म्हणतंय," अयुब म्हाळसाला म्हणाला.

वरवंडला त्याचं डांबरी, म्हणजे डांबर मुरवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पत्र्यांचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी, २००२ साली, त्याने धुरपदाबाईंच्या मेंढ्यांच्या दोन गोठ्यांवर लाल रंगाचे तेच पन्हळी पत्रे घातले. पंधरा वर्षं बघावं लागणार नाही, असा शब्दही दिला. मंगळवारी त्यातल्या एका गोठ्याचं छप्पर खचलं. आज संध्याकाळी बचत गटाच्या बायका आपल्या बारा गोठ्यांवर कोणते पत्रे घालायचे ते ठरवणार होत्या. त्या फिरल्या, तर अयुबच्या दुकानाला कुलूप लागणार होतं.

म्हाळसा शिरूरची खाजगी तपासनीस. तिची स्कूटर चालवणारे हौसरावमामा तपास सुरू व्हायच्या आधीच गुन्हेगार पकडत. आजवर त्यांचा एकही बरोबर निघाला नव्हता.

म्हाळसाने घराच्या धाब्यावर चढून छप्पर पाहिलं. खिळे पन्हळीच्या उंचवट्यावर होते, खालच्या लाकडी रिपा दीड-दीड फुटावर. कामात खोट नव्हती. उन्हाने पत्र्याचा रंग विटला होता, पण खचलेल्या जागी वीतभर रुंदीचे सहा गडद लाल डाग होते. घराच्या आडोशाचा मागचा गोठा मात्र सरळ आणि सगळीकडे सारखाच फिका.

पत्रे बसवणारा अनिस, अयुबचा पुतण्या, म्हणाला, "मंगळवारी सकाळी साहेबरावाची शिडी इथं भिंतीला हुती. दुपारी बोंब झाली."

"टीनचे पत्रे विकतो तोच ना?" मामा खूश झाले. "सापडला."

साहेबराव चिडला नाही. "शिडी माझीच. धुरपदाआत्यांनी मागितली, दिली. कशाला, ते इचारलं न्हाई."

"खोटं बोलतोय," मामा कुजबुजले.

धुरपदाबाईंनी चहा दिला. "पयला टीनचा पत्रा हुता. वावटळीत उडाला आन् मालकांच्या डोक्यात बसला. त्यातच गेले," एवढं सांगून त्या रिकामे कप घेऊन आत गेल्या. म्हाळसा अंगणातल्या कढीपत्त्याकडे बघत होती. आळ्याभोवती सहा दगड होते आणि त्यांना काळं काहीतरी चिकटलं होतं.

संध्याकाळी बायका जमल्या, अयुबही आला.

"मामा, शिडी साहेबरावची, पण चढलं दुसरंच कुणी," म्हाळसा म्हणाली. "ऊन लागलं नाही तिथेच रंग टिकतो. म्हणजे पत्र्यावर दोन वर्षं सहा वस्तू होत्या. त्या कढीपत्त्याखाली आहेत. चिकटलंय ते डांबर. उडू नये म्हणून आपण टीनवर दगड ठेवतोच. टीन ते सोसतो. हा पत्रा चैत्राच्या उन्हात मऊ होतो, वजनाखाली बसतो. मागच्या गोठ्याला आडोसा आहे, तिथे दगडांची गरज नव्हती, म्हणून तो धड आहे. पुढचं आत्या सांगतील."

धुरपदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अयुबनं बजावलं हुतं, वजन ठिवू नका म्हून. पर वारं सुटलं की मला झोप लागंना. मंगळवारी सकाळी खचलेलं दिसलं, कोकरांवर पडतील म्हून बोंब व्हायच्या आधीच दगड उतरवलं. मग लाज वाटली. गाव त्याला बोलत ऱ्हायलं आन् मी आयकत ऱ्हायले." मग त्या बायकांकडे वळल्या. "बारा गोठ्यांवर ह्योच घाला. पत्रा चांगला हाय. दगड माझं हुतं."

हौसरावमामा उठले आणि साहेबरावाची माफी मागायला निघाले.

हे ऐकून अयुबचा राग निघून गेला. "चूक माझी बी हाय, आत्या. वजन नको म्हणालो, पर भ्या कशाचं वाटतं ते इचारलं न्हाई. उद्या नवा पत्रा घालतो, वाऱ्याच्या अंगाला दर उंचवट्याला खिळा मारतो. वारं सुटंल त्या राती झोप लागली का, तेवढं मला सांगा."