सायकलीवर उतरलेले पाहुणे

लायब्ररीतलं काम आटपून बाहेर आले आणि पायऱ्यांवरच थबकले. माझ्या सायकलीला दाढी आली होती.

खरंच! हँडलपासून थेट पुढच्या टोपलीपर्यंत लोंबणारी, दाट, तपकिरी, उन्हात सोनेरी दिसणारी दाढी... आणि ती हलत होती. श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती. शेजारच्या सायकली मान वळवून उभ्या होत्या, जणू हिला आम्ही ओळखतच नाही.

"सायकल तुमची?" मागून कुणीतरी विचारलं.

"होती," मी म्हणाले.

तो हसला. मोठ्याने नाही – मधमाश्यांची झोपमोड होऊ नये इतपतच. सडसडीत अंगाचा, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, बगलेत एक लाकडी पेटी आणि हातात जाळीची टोपी. कॉलेजच्या बागेमागे मधमाश्यांच्या पेट्या आहेत आणि त्या सांभाळायला शेतकीचा एक मुलगा ठेवलाय, एवढं मी ऐकून होते. मी कशी लेक्चर संपली की परत आलेल्या पुस्तकांच्या काउंटरवर बसते, तसा तो तिकडे. तोच हा असणार.

"घाबरू नका. घर बदलतायत बिचाऱ्या," तो म्हणाला. "जागा अपुरी पडली की राणी अर्धा गोतावळा घेऊन बाहेर पडते. नवं घर मिळेपर्यंत मध्येच कुठेतरी टेकायचं."

"टेकायला माझीच सायकल बरी सापडली?"

"टोपली आवडली असेल." मग जरा थांबून, "किंवा मालकीण..."

वाक्य तिथेच सोडून तो घाईघाईने पेटीचं झाकण उघडायला लागला. कान मात्र लालबुंद झाले होते. मी पाहिलं.

तेवढ्यात देखभाल विभागाचे साहेब तरातरा आले. पाठीमागे पंपवाला माणूस. "व्हा बाजूला! कुणाला चावल्या-बिवल्या तर निस्तरायचं मला. मार रे फवारा!"

"साहेब, नको... म्हणजे, त्या काही... मी संध्याकाळपर्यंत..." आत्तापर्यंत माशांबद्दल घडाघडा बोलणारा हा मुलगा साहेबांपुढे पार गळाठला. पंपवाल्याने नळी सरसावली.

मला काय झालं कोण जाणे. मी सरळ त्या नळीसमोर जाऊन उभी राहिले. "फवारायचं नाही! ही सायकल... ही माझ्या आजोबांची शेवटची आठवण आहे."

त्याच क्षणी एक माशी माझ्या नाकाजवळून गेली, आणि भीतीने माझा आवाज असा काही कापला की साहेब एकदम विरघळले.

"बरं, बरं. रडू नकोस, बाळ. पण अंधार पडायच्या आत हे लटांबर हललं पाहिजे. नाहीतर मी आहे आणि माझा पंप आहे."

ते गेल्यावर तो हळूच म्हणाला, "वाईट वाटलं. काय झालं होतं आजोबांना?"

"काही नाही. ठणठणीत आहेत. सकाळीच फोनवर ओरडले माझ्यावर."

आता मात्र तो असा खळखळून हसला की माशांची पर्वाच राहिली नाही.

"थांबता?" त्याने विचारलं. "बघण्यासारखं असतं." आणि हातातली जाळीची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.

"आणि तुम्हाला?"

"मला ओळखतात त्या."

त्याने पेटी टोपलीखाली धरली आणि हँडलला एकच झटका दिला. धप्प! दाढी पेटीत पडली. उरलेल्या माशांचा हवेत एकच कल्लोळ उडाला. मी डोळे गच्च मिटले... उघडले तेव्हा त्याने पेटी जमिनीवर ठेवली होती, आणि दाराशी काही माशा पोटाचं टोक वर करून पंख फडफडवत उभ्या होत्या.

"गंध पसरवतायत," तो कुजबुजला. "राणी इथे आहे, इकडे या – असं सांगतायत बाकीच्यांना."

आणि खरोखर, बाकीच्या येऊ लागल्या. उडत नव्हे, चालत! जमिनीवरून एकामागून एक, लग्नघरी वऱ्हाड शिरावं तशा, कसलीही धक्काबुक्की न करता आत शिरत होत्या. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. जायची घाई मलाही नव्हती आणि माशांनाही नव्हती.

"हात द्या," तो म्हणाला. माझं मनगट धरून त्याने तळवा पेटीच्या उघड्या फटीवर नेला. "लावू नका. फक्त धरा. आणि श्वास हळू... जोरात सोडला की चिडतात."

आतून ऊब आली. झोपेतून उठलेल्या बाळाच्या मानेला असते ना, तशी. मेणाचा ओलसर गोड वास आला आणि ती एकसुरी गुणगुण तळव्यातून थेट कोपरापर्यंत चढली. इतका मोठा जीव, इतक्या जवळ, आणि मला काहीच करत नव्हता. मी श्वास हळू घेत होते खरी... पण मनगटावरची ती बोटं काही मला तो धड घेऊ देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला गेले. सायकलीवर उतरलेले पाहुणे, त्यांची विचारपूस करायला नको? तिसऱ्या दिवशीही गेले. मग ती चौकशी रोजचीच झाली, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. पेट्यांपासून थोडं दूर, लिंबाच्या झाडाखाली, माझ्यासाठी एक स्टूल येऊन बसलं.

"हे कुणी ठेवलं?"

"असेल इथेच. आधीपासून."

"काल तर नव्हतं."

"काल तुझं लक्ष नसेल." आणि पुन्हा ते कान!

तिथे बसून मी कितीतरी शिकले. एखादीला फुलांचा ताटवा सापडला की ती पोळ्यावर परत येऊन नाचते, आणि त्या नाचावरूनच बाकीच्यांना पत्ता कळतो, हे त्यानेच मला दाखवलं.

"आणि ज्याला नाचता येत नाही, त्याने काय करायचं?" मी मुद्दाम विचारलं.

तो हातातल्या पोळ्याच्या चौकटीकडेच बघत म्हणाला, "त्याने गप्प बसायचं. फार तर एखादं स्टूल आणून ठेवायचं..."

म्हणता म्हणता त्याच्या हाताला झटका बसला. माशी चावली होती. त्याने नखाने नांगी खरवडून काढली. पिकल्या केळ्यासारखा वास आला.

"तुला तर ओळखतात ना?" मी हसून म्हटलं.

"ओळखतात. या वासाने बाकीच्या चिडतात, चल, लांब हो."

तेव्हा मी हसले. पण मग ते रोजचंच झालं. आज भुवई, उद्या कान. एकदा तर त्याचे सर पेट्या बघायला आले असताना, माझ्यासमोरच, चौकट त्याच्या हातातून निसटता निसटता राहिली.

"काय रे, हात कापायला लागला तुझा?" सर म्हणाले. "डोंगरातल्या केंद्रावर हंगामासाठी एकालाच पाठवायचंय. तुझं नाव पक्कं धरलं होतं मी. आता विचार करावा लागेल."

त्या केंद्राबद्दल तो किती वेळा बोलला होता! रानफुलांनी भरलेला डोंगर, ओळीने मांडलेल्या पेट्या... पहिल्या वर्षापासून त्याने याच एका गोष्टीकडे डोळे लावले होते. सर गेल्यावर त्याने पेटीचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "उद्यापासून... येऊ नकोस. म्हणजे, पेट्या उघडतो तेव्हा तरी."

"का?"

"माशा बिथरतात."

"माझ्यामुळे?"

त्याने मान हलवली. होय म्हणून. मी दप्तर उचललं आणि मागे वळूनसुद्धा न बघता निघाले. फाटकापर्यंत डोळे कोरडे होते. पुढचं सांगत नाही.

मी मावशीकडे राहते. तिच्यापासून काही लपत नाही, तरी मी लपवायला गेले.

"मावशी, मला कसला वास येतो का गं?"

"शॅम्पूचा येतो. भसाभसा ओततेस, येणार नाही तर काय."

मी शॅम्पू बदलला. मग साध्या साबणाने केस धुतले. ते पार झाडूसारखे झाले.

"कुणासाठी चाललाय हा खटाटोप?"

"माशांसाठी."

उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसं मावशीने माझ्याकडे पाहिलं. "माशांसाठी की माशीवाल्यासाठी? एकदा सरळ विचारून मोकळी हो ना."

"मी कशाला विचारू? येऊ नको म्हणाला तो!"

"मग बस माशा मारत," मावशी म्हणाली आणि गॅस बारीक केला.

मी तेच करत होते. काउंटरवर बसून, परत आलेली पुस्तकं उगीचच सारखी करत. आणि अशाच एका दुपारी समोर एक पुस्तक सरकलं. मी वर पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. एक डोळा मिटलेला, वरचा ओठ टम्म सुजलेला, कान तर विचारूच नका.

"अरे देवा! हे काय?"

"चावल्या."

"श्श!" पलीकडून लायब्ररीच्या बाई.

मी आवाज खाली आणला. "पण मी तर येत नाही आता!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्याने पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तू यायचीस ना... पाऊल वाजलं की माझा श्वास चुकायचा. हात हलायचा. माशांना लगेच कळतं. म्हटलं, थोडे दिवस नको येऊस, मी ताळ्यावर येतो. पण आता... आता दिवसभर वाट बघतो. हात पेटीत आणि लक्ष रस्त्यावर. परवा स्टूलवर मांजर येऊन बसलं, तर मी त्यालाच 'आलीस?' म्हणालो."

मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी रडूही. दोन्ही एकदम झालं की माणूस फार वेडा दिसतो.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस? मी इकडे डोक्याला भांड्यांचा साबण लावायचाच बाकी ठेवला होता!"

"मला नाही सांगता येत अशा गोष्टी."

"मग आता कसं सांगतोयस?"

"ओठ सुजलाय. म्हटलं, काहीही बोललो तरी कुणाला नीट कळणार नाही."

"मला कळलं," मी म्हणाले. "सगळं."

"श्श!" बाई पुन्हा. मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघत, "आधी त्या मुलाला बर्फ लाव गं. पुस्तक काय, मग जमा होईल."

बर्फ लावता लावता त्याने उरलेलं सांगितलं. सकाळी तो सरांकडे जाऊन खरं ते बोलून आला होता. सर म्हणाले, 'पळून काही व्हायचं नाही. उद्या तिला घेऊन ये. तिच्यासमोर पेटी उघड. हात कापला नाही, तर जा डोंगरात.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सर हाताची घडी घालून लांब उभे होते. मी स्टूलवर बसले नाही. त्याच्या शेजारीच उभी राहिले. त्याने माशांना शांत करायचं धुराडं दोनदा दाबून धूर सोडला, झाकण उचललं, आणि पोळ्याची एक चौकट सावकाश वर काढली. माशा त्याच्या बोटांवरून चालत होत्या. एकीलाही घाई नव्हती. त्याचा हात असा स्थिर, जणू तो चौकटीचाच एक भाग आहे. मी त्याच्या इतक्या जवळ होते की माझी ओढणी त्याच्या बाहीला लागत होती... तरी हात कापला नाही.

"पुढच्या आठवड्यात निघायचं. गरम कपडे घे," सर म्हणाले आणि चालू पडले. जाताना माझ्याकडे बघून हसल्यासारखं वाटलं. खात्री नाही.

"कसं जमलं?" मी हळूच विचारलं.

"काल बोलून टाकलं ना. आत काही दडवलेलं राहिलंच नाही." त्याने चौकट माझ्यापुढे धरली. "घे. धर."

"मी?"

"तूच."

मी धरली. केवढी जड! मधाने भरलेली, जिवंत, हातात गुणगुणणारी. बोटांवरून एक माशी चालत गेली – तिचे इवलेसे पाय मला जाणवले. लिंबाच्या फुलांचा वास, कोवळं ऊन, आणि इतक्या जवळून त्याचा आवाज –

"हंगाम संपला की येईन. फार मोठा असतो हंगाम... वाट बघशील?"

"आई गं!"

करंगळीला कळ गेली. केळ्याचा वास आला. त्याने शांतपणे चौकट माझ्या हातातून घेतली, पेटीत बसवली, झाकण लावलं, मला झाडापलीकडे नेलं आणि मग माझी करंगळी हातात घेऊन नखाने नांगी खरवडून काढली. काढून झाली तरी करंगळी सोडली नाही.

"श्वास चुकला तुझा," तो म्हणाला. सुजलेल्या ओठांनी त्याला हसणं लपवताही येत नव्हतं.

"काही नाही चुकला."

"मग चावली का?"

"चावली... आपली अशीच."

"अशीच कधी चावत नाहीत त्या. उत्तर दे ना."

करंगळी ठणकत होती, कान तापले होते – आता माझेही! – आणि दूर बागेत कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं.

"एवढं होऊनही कळलं नसेल," मी म्हणाले, "तर हा घे."

आणि दुसराही हात त्याच्या हातात दिला.