नथ्थूच्या सीटखालचा थेंब

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण वैजयंती भाजी विकते, आणि वांग्यात कीड असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी तीच बोट दाखवते. अशी बाई भुताच्या गप्पा कशाला रचेल?

गेल्या वर्षी पोळा झाल्यानंतरची संध्याकाळ. इंझोरीतलं तिचं अंगण. अंगणात जुनी व्हॅन.

तिच्या नवऱ्याच्या, नथ्थूच्या, दोन्ही किडन्या निकामी. डायलिसिसला वाशिम गाठायचं, अंगात साठलेलं पाणी मशीननं काढायचं, घरी प्यायचं तेही मोजून घोटभरच. त्यासाठीच व्हॅन घेतलेली. उद्या सकाळी निघायचं होतं.

आणि व्हॅनखाली ओल दिसली...

मधेच रस्त्यात बंद पडली तर? वैजयंतीचा जीव थाऱ्यावर राहीना. तिनं उदयसिंग मिस्त्रीला बोलावलं.

व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. उदयसिंगानं सीट उचलली, इंजिन फडक्यानं कोरडं केलं, खाली पुठ्ठा सरकवला.

"आता थेंब कुठी पडते ते पाहू, वहिनी. ऑइल असन तं काळं. कूलंट असन तं हिरवं."

सीट परत बसवली. नथ्थू सवयीनं आपल्या जागी जाऊन टेकला.

टप्...

उदयसिंगानं थेंबाला बोट लावलं. हुंगलं.

"साधं पानी हाये."

रेडिएटर उघडला. काठोकाठ.

"काच धुवाची टाकी गळून राह्यली असन," नथ्थू वरून म्हणाला.

"ते तं कधीचीच फुटली, नथ्थूभाऊ. खडखडीत कोरडी हाये. अन् एसी तुमच्या गाडीनं बापजन्मी पाह्यला नाई."

वैजयंतीला हसू आलं.

टप्... टप्...

"उतरा बरं, पुन्हा सीट उचलतो."

नथ्थू उतरला.

आवाज थांबला.

तिघं वाकून बघत राहिली. काही नाही. गोठ्यातली गाय रवंथ सोडून इकडेच बघत होती...

"वजनानं पाइप दबत असन," म्हणत उदयसिंग स्वतः बसला. चांगला अडदांड गडी. पुठ्ठा कोरडा.

वैजयंती बसली. कोरडा.

नथ्थू बसला.

टप्...

त्याचा पायजमा कोरडा. सीट कोरडी. इंजिन कोरडं. थेंब मात्र पुठ्ठ्यावर.

उदयसिंगानं पाने-पकडी पिशवीत भरल्या.

"गाडीत काई बिघाड नाई, वहिनी." चहाला न थांबताच गेला.

सकाळी ती तीच व्हॅन घेऊन निघाली. न जाऊन सांगते कोणाला?

मशीनवर घ्यायच्या आधी वजन करतात. वजन वाढलं म्हणजे पाणी साठलं. सिस्टरनं काटा पाहिला.

"काका, पाणी चढलंच नाही! असंच पथ्य पाळा."

नथ्थू लहान पोरासारखा खूश. "पाह्य, भंगार म्हनत होती ना माह्या गाडीले?"

पुढच्या वेळी वजन घटलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. मग सिस्टर हसायची थांबली. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासण्या केल्या. पाणी जातं कुठं, कुणाला कळेना.

वैजयंतीनं व्हॅन विकून टाकली. आता ते जीपनं जातात.

पण एका दुपारी नथ्थू घरात जेवायला बसला होता... आणि पाटाखालून आवाज आला.

टप्...

त्याला उठवून तिनं पाट उचलला. जमीन कोरडी.

मी मागच्या आठवड्यात भेटून आले. नथ्थूची बोटं वाळल्या शेंगांसारखी झाली आहेत. दोन वर्षं त्याच्या घोटाघोटावर पहारा करणारी ही बाई, आता भरला तांब्या घेऊन त्याच्या खाटेशी बसते.

"घ्या. आनखीन एक घोट घ्या. माह्यासाठी."

तो पितो.

आणि ती श्वास रोखून, खाटेखाली कान देऊन बसते...

माझ्यासमोर त्यानं अख्खा तांब्या संपवला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. कारण तो आवाज मलाही आला होता.