धक्क्यावरच्या जांभळ्या चपला

“काका, थांबा ना! या चपलेत चष्मा आहे!” नेत्रा धक्क्यावरून ओरडली.

सत्यजितकाकांनी गाडीचं दार उघडलंसुद्धा होतं. “असेल कोणाचा तरी! अजून एक देऊळ राहिलंय. चला, चला!”

अमेरिकेतल्या रेडमंडचा पाऊस मागे टाकून मंडळी शाळेच्या स्प्रिंग ब्रेकला हवाईच्या मोठ्या बेटावर आली होती. दहा वर्षांची नेत्रा, तिचा तेरा वर्षांचा दादा ओजस, त्यांची चुलत बहीण प्रीता आणि प्रीताचे आईबाबा, म्हणजे शैलजाकाकू आणि सत्यजितकाका. या किनाऱ्यावर नुसते काळे दगड रचून बांधलेली देवळं होती, बेटावर लिहिणं-वाचणं येण्याच्याही आधीची! काकांनी एका दिवसात अशी तीन देवळं आणि दोन कोळीवाडे ठरवले होते. दुसरं देऊळ खाडीच्या पलीकडच्या टोकाला होतं. तिथून मुलं आणि काकू भर उन्हात तासभर चालत आत्ता परतली होती. काका मात्र “मी पुढे होतो,” म्हणून आधीच निघाले होते.

ओजसने धक्क्यावरच्या क्रेटमध्ये डोकावून पाहिलं. पोहत मासे बघायला बोटीतून जाणारे पर्यटक त्यात चपला ठेवून जात. आता एकच जोड उरला होता. जांभळ्या चपला, आणि एकीत नीट घडी घातलेला जाड भिंगांचा चष्मा.

“Nobody forgets glasses like these!” प्रीता म्हणाली. “जिचा आहे तिला याच्याशिवाय दिसणारच नाही.”

ओजस धावत बोटीच्या कप्तानाकडे गेला. तो पाइपने बोट धूत होता.

“कोणीतरी पाण्यातच राहिलंय!”

“अठरा गेले, अठरा आले. चार वाजता मी स्वतः मोजले,” कप्तान मान वर न करता म्हणाला. “जा, खेळा.”

चार वाजता! आता सव्वापाच झाले होते. पण हिशेब तर बरोबर होता! मग चूक कुठे?

प्रीताचं लक्ष अचानक काकांकडे गेलं. “बाबा, तुमची पँट ओली कशी?”

“अगं, ती... देवळापाशी ही बोट पोहणाऱ्यांना वर घेताना दिसली. हात केला, गुडघाभर पाण्यात शिरलो आणि चढलो! दोन मिनिटांची लिफ्ट. ऊन काय होतं यार!”

ओजसने बोटांवर हिशेब केला.

“काका,” ओजस म्हणाला, “म्हणजे त्या अठरांत तुम्ही होतात! आलेले फक्त सतरा!”

कप्तानाच्या हातातून पाइप गळून पडला.

काकूंनी ९११ ला फोन लावला. हेलिकॉप्टर निघालं होतं, पण पोचायला चाळीस मिनिटं! आणि सूर्य सव्वा तासात बुडणार होता.

“जिथे पोहत होते तिथे जातो!” कप्तान दोर सोडू लागला.

“नको!” नेत्रा किंचाळली. “दुपारी माझी टोपी देवळाजवळ पाण्यात पडली, तर ती बघता बघता काळ्या सुळक्याच्या पलीकडे वाहत गेली. ती बाईही तिकडेच गेली असणार!”

“पोरगी खरं बोलते,” इथल्या देवळांची राखण करणाऱ्या पुआ आंटी म्हणाल्या. धक्क्यावर दुरुस्त करत असलेलं जाळं बाजूला टाकून त्या धावत आल्या होत्या. “ओहोटीचं पाणी तिकडेच ओढतं. आणि टोपी पाहिलेली ही पोरंच आहेत, त्यांना घे!”

काकूंनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांची नजर चष्म्यावर गेली. त्यांनी स्वतःच तिघांना लाइफ जॅकेट चढवलं. काकाही बोटीत उतरले.

सुळक्यामागचा समुद्र उसळत होता. पाण्यावर सोनेरी चकाकी इतकी, की डोळे उघडे ठेवणंच कठीण. “ते बघा डोकं!” काका ओरडले. बोट वळली. तो नारळ होता. दहा मिनिटं गेली, मग वीस. हाका मारून मारून काकांचा घसा बसला. नेत्राने पाण्यावरून नजर न काढता प्रीताचा हात घट्ट धरला होता.

“सापडली नाही तर?” ती पुटपुटली.

“इंजिन बंद करा!” ओजस एकदम म्हणाला. “प्लीज! आपण बघतोय सगळे, ऐकत कोणीच नाहीये!”

इंजिन थांबलं. नुसत्या लाटा. आणि मग... पूऽऽऽ! अगदी क्षीण, फुटक्या तुतारीसारखा आवाज.

“डावीकडे!”

खडकांच्या अलीकडे एक म्हातारी बाई पाठीवर तरंगत होती. ओठ निळे पडलेले, हात खडकाने सोललेले. ओरडायचं त्राण संपलं होतं, म्हणून ती पोहताना लावायच्या श्वासाच्या नळीत फुंकत होती. बोट अगदी जवळ गेली तरी तिला ती दिसली नव्हती. काका आणि कप्तानाने तिला वर ओढलं, तेव्हा ती थरथर कापत होती.

तिचं नाव मिसेस लिंडक्विस्ट, मिनेसोटातल्या निवृत्त शिक्षिका. “मी एकटीच आलेय,” घोंगडीत गुंडाळलेल्या त्या कशाबशा म्हणाल्या. “मला वाटलं, उद्यापर्यंत कोणाला कळणारही नाही.”

नेत्राला इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं. मिसेस लिंडक्विस्टनी सोललेल्या हाताने तिला जवळ ओढलं.

धक्क्यावर अँब्युलन्स आणि पोलीस उभेच होते. कप्तान काही बोलायच्या आत काका पुढे झाले. “चूक माझीही आहे. मी न सांगता बोटीत बसलो,” त्यांनी सरळ सांगून टाकलं. कप्तानानेही मान खाली घालून सगळं कबूल केलं. “मी डोकी मोजली,” तो म्हणाला, “माणसं नाही.”

पुआ आंटींनी तिथल्या रीतीने तिघांच्या कपाळाला कपाळ टेकवलं. “या किनाऱ्यावर पूर्वी समुद्रावर नजर ठेवायला माणसं नेमलेली असत,” त्या म्हणाल्या. “आज ते काम तुम्ही केलंत.”

अँब्युलन्स वळणाआड गेली. काका मुलांसमोर गुडघ्यांवर बसले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“मी तुम्हाला ‘चला, चला’ म्हणत होतो,” ते म्हणाले. “माझं ऐकलं नाहीत, हे फार चांगलं केलंत रे!”