लक्ष्मीचं लुगडं

सांगलीच्या त्या दवाखान्यात नातेवाइकांसाठी गच्चीवर तारा बांधल्या होत्या. आयसीयूतल्या माणसाच्या अंगाखाली घालायला घरचं जुनं सुती कापड द्यावं लागे. ते आम्ही धुऊन तिथं वाळत टाकायचो. एप्रिलचं ऊन. चहा पिऊन येईपर्यंत चादर कडकडीत व्हायची.

माझी बायको लक्ष्मी न्यूमोनियानं आत होती, श्वासाच्या मशीनवर. डॉक्टर ज्ञानदा म्हणाल्या, "काही पेशंट बरे होतात, काही जातात. काही मधेच अडकतात, महिनोन्‌महिने. आजी त्यातल्या नाहीत. कॉम्प्युटरचा अंदाजही तोच आहे."

मी हलक्या मनानं गच्चीवर गेलो. सगळ्यांची कापडं वाळली होती. फक्त लक्ष्मीचं लुगडं ओलं होतं, आणि शेजारचा एक पंचा.

आष्ट्याच्या गुऱ्हाळात गूळ शिजवण्यात माझी हयात गेली. पाणी कसं आटतं ते मला कळतं. लुगडं पुन्हा पिळलं, भर उन्हात टाकलं. संध्याकाळी हात लावला. गार, जड.

"आवं तात्या, कशाला दमताय?" बनाबाई म्हणाली. पंचा तिच्या लेकाचा. तो दिवाळीपासून आत होता. "ज्याचं वाळत न्हाई, त्यो ना घरी जातो ना वर. हितंच ऱ्हातो."

"कायतरीच बोलतीस. हवा दमट हाय."

"व्हय, आपल्या दोगांच्याच तारंवर!"

खालच्या इस्त्रीवाल्याकडे नेलं. तो इस्त्री फिरवत राहिला, वाफ निघत राहिली. शेवटी त्यानं लुगडं परत केलं. माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर मशीन काढायला गेले, ते जमलं नाही. लक्ष्मीच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. "असं व्हायला नको होतं," डॉक्टर ज्ञानदा एवढंच म्हणाल्या.

मग जूनमधल्या एका दुपारी पदराचं टोक कोरडं लागलं. मी बघत असतानाच कोरडेपणा काठाकाठानं वर सरकत होता.

"सुटली!" मी म्हणालो. "घरी येणार ती."

बनाबाई हसली नाही. "घरी का वर, ते कापड सांगत न्हाई, तात्या. माज्या परशांतचं बी दोनदा वाळाय लागलं हुतं."

तिनं बादलीतून तांब्या भरला. माझ्यापुढं धरला.

लुगडं निम्म्यावर वाळलं होतं.

मी तांब्या घेतला. ओतला.

भेटीच्या वेळेला खाली गेलो. नर्स चिडली होती. "आजोबा, आजींच्या अंगावर पाणी कुणी ओतलं?"

लक्ष्मीचे केस निथळत होते. डोळे उघडे होते, माझ्याकडे लागलेले. नळीमुळं आवाज फुटत नव्हता. ओठ तेवढे थंडीनं थरथरत होते.