ग्लास परत करायचा असतो

गारा पडायला लागल्या म्हणून ब्रायनी ‘निळा बगळा’ पबमध्ये शिरली. एरवी त्या दारातून आत जायचं तिला काही कारण नव्हतं. ती ट्रामच्या थांब्यावर उभी होती, केसांत गारा अडकत होत्या आणि समोरच्या खिडकीत उबदार पिवळा उजेड होता... बस, एवढंच.

आत चार-पाच माणसं, शेकोटीपुढे पाय ताणून झोपलेला एक हडकुळा कुत्रा आणि काउंटरमागे मालकीण मॉरीन. साठीची बाई, दंडांनी भक्कम आणि आवाजाने त्याहून भक्कम.

“काय देऊ गं राणी?”

“लागर बिअर. अर्धा पाइंट.”

“लागरचा नळ रुसलाय आज. एल घे. तळघरातल्या पिंपातली आहे, हाताने ओढलेली.”

एल नावाच्या त्या तांबूस बिअरमधलं ब्रायनीला ओ की ठो कळत नव्हतं. ती आपली गार, फेसाळ, पिवळी लागर पिणारी. शनिवारी एखादी, कुणाच्या लग्नात दोन. पण मॉरीनने पंपाचा दांडा ओढायला सुरुवातही केली होती, आणि एकदा ओढलेल्या दांड्याला आमच्या शेफील्डमध्ये कोणी नको म्हणत नाही.

खिडकीपाशी एकच खुर्ची रिकामी होती. समोर एक तरुण बसला होता. कानाच्या पाळ्या थंडीने लाल, लोकरी जाकीट ओलं, आणि पुढ्यात तशीच तांबूस एल. ब्रायनीने मान लववली, बसली, पहिला घोट घेतला, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

व्हिनेगर! चिप्सवर शिंपडतात तेच, दुसरं काही नाही.

तिने हळूच समोर पाहिलं. त्यानेही घोट घेतला, निश्चयाने गिळला आणि खिडकीबाहेर बघत बसला. थंडगार समुद्रात उतरलेला माणूस काठावरच्यांना ‘मस्त आहे पाणी’ म्हणून ओरडतो ना, अगदी तो चेहरा.

रिकामे ग्लास गोळा करत मॉरीन आली. “कशी आहे बिअर?”

“छान आहे!” दोघं एकदम म्हणाले.

मॉरीन गेली. काचेवर गारा तडतडत होत्या.

“तुम्हाला... खरंच छान वाटली?” त्याने खालच्या आवाजात विचारलं.

“नाही हो. तुम्हाला?”

“माझे दात आंबलेत मघापासून.”

“मग सांगितलं का नाही त्यांना?”

“तुम्ही कुठे सांगितलंत?”

“मला वाटलं, एल अशीच लागते!”

तो इतक्या जोरात हसला की ठसका लागला. कुत्र्याने मान वर केली, मॉरीनने मान वळवली, आणि ती तरातरा येऊन ब्रायनीच्या ग्लासातून सरळ घोटच घेऊन मोकळी झाली.

“अरे देवा! पिंप आंबलंय की! आणि तुम्ही दोघं ढोसताय? तोंडं शिवलीत का तुमची?”

“उगाच तुम्हाला वाईट...” तो पुटपुटला.

“मला वाईट? ऐका रे शहाण्यांनो. चव बिघडली असेल तर ग्लास परत करायचा असतो. मी बदलून देते. त्यात माझा अपमान नाही. माझ्या तोंडावर छान म्हणायचं आणि नंतर या दारात पाऊल टाकायचं नाही, तो माझा अपमान!”

नवीन पिंपातली एल आली. ब्रायनीने भीत भीत ओठ लावले. बिस्किटासारखा खमंगपणा, मागून जराशी कडू चव... चक्क बरी होती. त्याचं नाव नेड, पूल तपासायचं काम करतो, हातोडीने ठोकून कुठला सांधा ढिला आहे ते शोधतो, हे सगळं त्या ग्लासाबरोबर कळलं.

“आणि तू?” नेडने विचारलं.

“मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांपुढे काचा धरते. पहिली स्पष्ट की दुसरी? तर लोक म्हणतात, ‘दोन्ही छान आहेत, थँक्यू.’ काही दिसत नसतं मेल्यांना!”

“म्हणजे सगळं गावच आंबलेली एल पितंय.”

“आपण नाही प्यायची,” ब्रायनी म्हणाली, आणि ‘आपण’ म्हटल्याचं लक्षात येऊन तिचे कान नेडपेक्षा लाल झाले.

त्याने ऐकलं होतं. “ठरलं. बिअरबद्दल खोटं बोलायचं नाही. पुढच्या शनिवारी?”

मग शनिवार दुपारी भेटणं सुरूच झालं. दोघांपैकी जाणकार कोणीच नव्हतं. अर्धा-अर्धा पाइंट घ्यायचा, ग्लासांची अदलाबदल करायची आणि मनात येईल ते बोलून टाकायचं. पोर्टर नावाची काळीभोर बिअर ब्रायनीला करपलेल्या टोस्टसारखी लागली. “पण प्रेमाने करपवलाय,” असंही ती म्हणाली. फिकट रंगाची कडवट एल पिऊन नेड म्हणाला, कोणीतरी संत्र्याचा मुरंबा कुंपणात सांडलाय. सुऱ्यांच्या जुन्या कारखान्यात दोन दाढीवाल्या पोरांनी बिअर बनवायला घेतली होती. तिथे रास्पबेरीची एक गुलाबी बिअर मिळाली. एका घोटात दोघांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“ही मुद्दाम आंबवलेली असते,” दाढीवाला अभिमानाने म्हणाला.

“म्हणजे आमची मॉरीन काळाच्या पुढेच होती,” नेड कुजबुजला, आणि ब्रायनीला हसू आवरेना म्हणून ती त्याच्या बाहीत तोंड लपवून हसली. बाहीला ओल्या लोकरीचा आणि लोखंडाचा वास होता. तिने डोकं जरा उशिरानेच वर केलं.

“लागरमध्ये आणि एलमध्ये नक्की फरक काय रे?” एकदा तिने विचारलं.

“एल उबेत फसफसते, पटकन तयार होते. लागर थंड जागी ठेवून देतात... सावकाश मुरते.”

“म्हणजे एल उतावीळ.”

“आणि लागर वेळ लावणारी. समोरच्याचा जीव टांगणीला.”

“वाट बघणाऱ्याला चांगली मिळते ना पण?”

“बघतोय की,” नेड म्हणाला... आणि घाईघाईने ग्लास तोंडाला लावला.

अशी सगळी गंमत. बिअरच्या बाबतीत दोघं इतके खरे की ऐकणाऱ्याने लाजावं, आणि बाकी सगळ्या बाबतीत पक्के शेफील्डकर! ट्रामच्या थांब्यावर निरोप घेताना तो म्हणायचा, “चल, मजा आली.” ती म्हणायची, “हो, मजा आली.” मग घरी जाऊन ती उशीला सांगायची की त्याचा हात तिच्या हाताला लागला तेव्हा तिला त्या ग्लासात काय होतं हेसुद्धा कळलं नव्हतं.

मे महिना आला. ‘निळा बगळा’चं दार उघडं राहू लागलं, कुत्रा शेकोटी सोडून उंबऱ्यावर उन्हात झोपू लागला. त्या शनिवारी मॉरीनने दोघांपुढे सोनेरी ग्लास ठेवले.

“नवीन लागर आहे. नळ सुधारला, आणि ही पोरगी कधीपासून माझ्या मागे लागलीय. हिवाळाभर मुरलीय म्हणे. बघा, आणि खरं सांगा!”

नेड मात्र ग्लासाला हात लावेना. तो ग्लासाखाली ठेवायची पुठ्ठ्याची चकती बोटांनी फिरवत होता.

“मला... इन्व्हर्नेसला बोलावलंय. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला. तिकडचे सगळे पूल बघायचे, माझ्या हाताखाली माणसं. तीन वर्षं तरी.” तो थांबला. “सोमवारी उत्तर द्यायचंय.”

जाऊ नकोस, असं ब्रायनीचं सगळं अंग ओरडत होतं. पण तोंड शेफील्डचं होतं, त्यातून वेगळंच काही बाहेर पडलं.

“अरे वा! छानच की!”

“हो... ना?” नेड तिच्याकडे बघत राहिला. “छानच आहे.”

“मोठी संधी आहे.”

“आहे खरी.”

“आणि निसर्ग वगैरे...”

“हो. निसर्ग भरपूर.”

तिने ग्लास हातात घेतला, एक घोट गिळला आणि खाली ठेवला. चव कळलीच नाही. “मला जरा निघायला हवं,” ती म्हणाली. “दुकानात... काम राहिलंय.” शनिवारी दुपारी दुकान बंद असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने मान हलवली. ती कुत्र्याला ओलांडून बाहेर पडली.

ट्राम समोरच आली. दारं उघडली. ब्रायनीने एक पाय वर ठेवला, आणि ट्रामच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. तो तिने आधी पाहिला होता. गारांच्या दिवशी, समोरच्या खुर्चीवर, व्हिनेगर गिळून खिडकीबाहेर बघणाऱ्या नेडचा. आणि आत्ता, ‘छानच आहे’ म्हणताना, पुन्हा त्याचाच!

“बाई, चढताय की नाही?” ड्रायव्हरने विचारलं.

“नाही! सॉरी. थँक्यू. नाही!”

ती धावली. रस्ता ओलांडून, कुत्र्याला पुन्हा ओलांडून आत आली. नेड तिथेच बसला होता, खांदे पाडून. मॉरीन त्या टेबलाशी उभी होती, आणि ब्रायनीचा जवळजवळ भरलेला ग्लास जिथल्या तिथे होता. त्यावर पुठ्ठ्याची चकती झाकण म्हणून ठेवलेली.

आमच्याकडे माणूस परत येणार असला की ग्लासवर चकती ठेवून बाहेर जातो. मग तो ग्लास कोणी उचलत नाही.

“मी चकती ठेवली नव्हती,” ब्रायनी धापा टाकत म्हणाली.

“विसरलीस तू,” नेड म्हणाला. “मी ठेवली. मॉरीन उचलायला आली होती, तिला म्हटलं, राहू दे... येईल बहुतेक.”

ब्रायनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायचंही तिला सुचलं नाही. “नेड, मघाचं माझं ‘छानच की’ परत घे. आंबलेलं होतं ते. मला बदलून हवंय.”

“मग खरं काय आहे?”

“खरं म्हणजे मला अजिबात छान वाटत नाहीये! तू जाऊ नयेस असं वाटतंय. आणि तुला तिथे जायचंच असेल तर जा, मी दर महिन्याला ट्रेनने येऊन तिथली सगळी बिअर नासकी आहे असं सांगेन. कारण... कारण मला तू आवडतोस, मूर्खा. गारा पडल्या त्या दिवसापासून.”

नेडने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरची दुसरी चकती उडून खाली पडली. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

“काय झालं? बोल ना!”

“आठवडाभर मी मनातल्या मनात घोकतोय, ती एकदा नको म्हणू दे, एकदाच,” तो म्हणाला. “मला इन्व्हर्नेस नकोय गं. तिथल्या साहेबांनी विचारलं, कशी वाटली जागा? मी म्हटलं, छान आहे! तेवढ्यावर त्यांनी ती मलाच देऊ केली.”

“नेड!”

“सोमवारी परत करतो. पहिल्यांदाच ग्लास परत करतोय आयुष्यात, तू शेजारी उभी राहा.” त्याने तिचा हात धरला. वाट बघून गार पडलेली बोटं होती ती, तिच्या मुठीत हळूहळू उबेला आली. “आणि मलाही तू आवडतेस. मी एल असूनही मुरायला एवढा वेळ घेतला, माफ कर.”

“देवा, सुटले!” ब्रायनी म्हणाली, आणि काउंटरपाशी बसलेले म्हातारे, जे इतका वेळ काहीच ऐकत नसल्यासारखे ऐकत होते, ते आपापल्या ग्लासात बघून खोकले.

मॉरीन हलली नव्हती. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “तुमचं झालं असेल तर माझ्या लागरचं बघा. हिवाळाभर मुरलेली आहे. कशी आहे?”

“माहीत नाही,” ब्रायनी म्हणाली. “अजून चवच घेतली नाही.”

तिने ग्लासवरची चकती काढली आणि एक मोठा घोट घेतला. गार, स्वच्छ, गव्हाच्या शेतातून आलेल्या वाऱ्यासारखी. मग ग्लास नेडच्या हातात दिला. त्याने तिने ओठ लावले होते तिथेच ओठ लावले, अगदी सगळ्यांसमोर, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“छान आहे,” दोघं म्हणाले.

मॉरीनने दोघांचे चेहरे निरखून पाहिले, मान डोलावली आणि कुत्र्याला बाजूला सारून दार आणखी सताड उघडलं.